घसा बसलेल्या बाईचा आवाज

शेवटी तिला बाहेर काढलं. दार फाकवून, दोन माणसांनी दोन हात धरून, एक चप्पल आत ठेवून. चप्पल नंतर मिळाली. आवाज आतच राहिला. पण हे सगळं झालं असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नये. असं काही झालेलं नाही. ती अजून चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये उभी आहे. लिफ्टला नुकताच एक हिसका बसला आहे, छोटासाच, झोपेत पायरी चुकल्यासारखा. पंखा बंद पडल्यावर कळतं की तो चालू होता, तसं तिला आता कळलं की आपण वर जात होतो.

वरच्या जाळीतून एक बाई म्हणाली, "घाबरू नका. मदत वाटेवर आहे. कृपया शांत राहा." ती शांतच होती. कालपासून तिला दुसरं काही जमतच नव्हतं. घसा असा बसला होता की सकाळी आईला चहा नको हे हातवाऱ्यांनी सांगावं लागलं, आणि आईने हातवाऱ्यांचा अर्थ दोन कप असा लावला. गिळताना घशात कोणीतरी खुर्ची सरकवतंय असं वाटत होतं. अंगात थोडी कणकण होती, म्हणून तर ती आज लिफ्टने आली. एरवी ती जिनाच चढते, दहा मजले असले तरी. कारण जाळीतली ती बाई म्हणजे तीच. शहरातल्या निम्म्याअधिक लिफ्टांमधून ती मजले सांगते, दार उघडत आहे म्हणते, दार बंद होत आहे म्हणते. दुकानांच्या लिफ्टमध्ये लोक तिला "हो गं बाई, कळलं" म्हणतात, लहान मुलं तिची नक्कल करतात, आणि एकदा एक गृहस्थ तिच्या शेजारी उभं राहून तिच्याबद्दल म्हणाले होते, "ही बया कधी दमत कशी नाही?" तिच्या वतीने जाळीने उत्तर दिलं: "तिसरा मजला."

काही वर्षांपूर्वी एका गोधड्या लावल्यासारख्या भिंतींच्या खोलीत बसून तिने हे सगळं वाचलं होतं. तळघरापासून साठाव्या मजल्यापर्यंत. शहरात साठ मजल्यांची इमारत नाही, पुढेही कोणी बांधेल असं दिसत नाही, पण रेकॉर्डिस्ट म्हणाला, "असू द्या बाई, मजला सांगून ठेवलेला बरा. इमारत मागून येते." तेव्हापासून तिच्या मनात कुठेतरी एक त्रेपन्नावा मजला आहे, स्वच्छ, रिकामा, खिडक्यांचा, जो फक्त तिने उच्चारलेला आहे. रात्री झोप आली नाही की ती तिथे जाऊन उभी राहते. "मदत वाटेवर आहे" हे वाक्य त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा घ्यावं लागलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून मान हलवली. "तुम्हाला खरंच काळजी वाटतेय असं येतंय. काळजी काढा." तिने काळजी काढली. "आता मदत येणार नाही असं वाटतंय." तिने मदत परत घातली. असं काढत घालत शेवटी जे वाक्य उरलं त्यात मदतही नव्हती आणि काळजीही नव्हती, नुसती वाट होती. रेकॉर्डिस्ट खूश झाला. आता ते वाक्य तिच्या डोक्यावरून दर मिनिटाला जात होतं, आणि कोणाला खरं वाटो न वाटो, पण ते ऐकून तिला स्वतःलाच थोडा धीर येत होता, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

इमारत लिफ्टच्या कंपनीचीच होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इतका सरकारी पद्धतीने पाळलेला तिने पहिल्यांदाच पाहिला. सहाव्या मजल्यावर अकराची बैठक होती. बैठकीत तिला एकच शब्द बोलायचा होता. मागच्या आठवड्यात आवाज विभागाच्या साहेबांचा फोन आला होता. कंपनीत आवाज विभाग आहे, त्यात साहेब आहेत आणि ते फार हळू बोलतात. "बाई, आनंदाची बातमी," ते म्हणाले, "तुमचा आवाज आम्ही यंत्राला शिकवतोय. जुन्या रेकॉर्डिंगवरून ते आता काहीही बोलू शकतं. म्हणजे तुम्ही यायलाच नको. तुम्ही घरी बसा, आवाज कामावर येईल." ती म्हणाली, "पण मला..." साहेब म्हणाले, "हरकत असली तर बैठकीत येऊन नोंदवा. तोंडी हं. लेखी चालत नाही, विषय आवाजाचा आहे ना. आणि काही बोलला नाहीत तर हो समजू. त्याची तुम्ही काळजी करू नका." मग त्यांनी नमुना म्हणून एक तुकडा पाठवला. तिने तो दिवाणखान्यात खुर्चीवर बसून लावला. तिचा आवाज म्हणाला, "आई, येते हं मी. दार लावून घे." हे वाक्य ती कधी कोणत्या खोलीत वाचून आली नव्हती. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "छत्री घे." पदराला हात पुसत आई बाहेर आली, खुर्चीसमोरून गेली, दाराची कडी लावली, वळली, आणि तिला खुर्चीत बघून दचकली. "तू गेलीस ना?" आईने विचारलं. आईचा चेहरा त्या वेळी असा होता, की दोघींपैकी एक जण जास्तीची आहे आणि कोणती ते ठरवायचं आहे. तिला नाही म्हणायचं होतं. ती खोकली.

इथे हे सांगायला हवं की त्यांच्या घरात नाही म्हणायची पद्धतच नव्हती. नाही म्हणायचं असेल तर खोकायचं. बाबांना भाजी अळणी लागली की ते एकदा खाकरत, शेजाऱ्यांनी उसनी शिडी मागितली की दोनदा. आईने दुकानात कोरडा ठसका दिला की कापड परत घडी होऊन फळीवर जायचं. आजोबांना शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, बरं वाटतंय का, तर आजोबा खोकले, आणि डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं. घरात हे सगळ्यांना कळायचं, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. घराबाहेर मात्र त्याची पंचाईत व्हायची. तिच्या लग्नाचं बोलणं एकदा एका सभ्य माणसाशी निघालं होतं. त्याने विचारलं, "तुम्हाला आवडेल का माझ्याबरोबर?" ती तीनदा खोकली, म्हणजे अगदी स्पष्ट. तो धावत जाऊन पाणी घेऊन आला. पुढचं वर्षभर तो येत राहिला, ती खोकत राहिली, तो पाणी आणत राहिला. घरात त्याला सगळे पाणीवाला म्हणायला लागले. शेवटी त्याने दुसरीकडे लग्न केलं आणि निरोप पाठवला की प्रकृतीची काळजी घ्या. ती कधी कधी त्याची आठवण काढते. प्रेम वगैरे काही नव्हतं; पण आयुष्यात तिच्या नकाराला इतकं मनापासून पाणी दुसऱ्या कोणी दिलं नाही.

आणि गंमत अशी की रेकॉर्डिंगमध्येही नाही हा शब्द नव्हता. तिने तेव्हा विचारलंही होतं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "लिफ्ट नाही म्हणत नसते बाई. वजन जास्त झालं आहे म्हणते, कृपया एका व्यक्तीने बाहेर यावे म्हणते. नाही म्हटलं की माणसं चिडून बटणं दाबत बसतात." म्हणजे घरात नाही, कामात नाही, बत्तीस दात, एक जीभ आणि एवढा मोठा घसा असलेल्या बाईने हा शब्द आजवर कोणासमोर उच्चारलेलाच नव्हता. गेला आठवडाभर ती न्हाणीघरात नळ सोडून त्याचा सराव करत होती. नाही. नाऽही. नाही हं. चौथ्या दिवशी घसा खवखवायला लागला, सहाव्या दिवशी बसला. तिला संशय होता की ही साथ वगैरे काही नाही. घराण्याचा सगळा खोकला एकदम चालून आला आहे आणि वाटेत आडवा पडला आहे.

येताना ती औषधाच्या दुकानात थांबली. घशाला बोट लावून दाखवलं. औषधवाला पुढे वाकला आणि कुजबुजत म्हणाला, "बसलाय?" माणसाचा आवाज गेला की समोरच्याचाही का जातो हे तिला कधी कळलं नव्हतं. तिने मान हलवली. "ताप?" तिने बोटांनी थोडासा दाखवला. "फवारा देतो," तो कुजबुजला. "सुजेवरचा आहे. तोंड उघडायचं, श्वास धरायचा, मागच्या बाजूला दोन फवारे. सूज उतरते, दुखणं कमी होतं. जरा बधिर वाटेल, घाबरू नका." घाबरू नका हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकून तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मागे उभ्या असलेल्या आजीबाई म्हणाल्या, "काय चाललंय तुमचं? आम्हालाही सांगा की." तिने फोनवर टाइप करून दाखवलं: आवाज येईल? "यायला हवा," औषधवाला म्हणाला. "पण हे लक्षणांवर आहे बरं का. कारणावर नाही." कारणावर काय मिळेल, तिने टाइप केलं. औषधवाल्याने खरोखर मागच्या फळ्यांवर एकदा नजर फिरवली. "ते आम्ही ठेवत नाही," तो म्हणाला.

फवारा बैठकीच्या दारात मारायचा, म्हणजे आवाज ताजा राहील, असा तिचा बेत होता. बाटली पर्समध्ये होती, पर्स हातात होती, हात लिफ्टमध्ये होता. फोनला रेंज नव्हती. लाल बटण होतं. तिने ते दाबलं. "घाबरू नका," ती म्हणाली, म्हणजे वरची, आणि मग खरखर होऊन तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यांच्या खोलीचा आवाज आला: खुर्ची करकरली, कोणीतरी काहीतरी सोलत होतं. "हॅलो, कोण आहे?" एक जाडा आवाज म्हणाला. तिने तोंड उघडलं. घशातून वारा आला, दाराच्या फटीतून येतो तसा. "हॅलो. बोला की." वारा. "कोणी नाही रे," जाडा आवाज कोणाला तरी म्हणाला. "पोरं बटणं दाबून पळतात." दुसरा, बारीक आवाज म्हणाला, "लिफ्टमधून पळून जातील कुठं?" पहिल्याने यावर थोडा विचार केल्यासारखं वाटलं. मग लाइन बंद झाली.

तिने बाटली काढली. लिफ्टच्या आरशात तोंड उघडून पाहिलं: लाल, सुजलेलं, मध्ये पडजीभ लोंबत असलेली, एखाद्या बंद ऑफिसातल्या घंटेसारखी. श्वास धरला आणि मारले दोन फवारे. आधी पुदिन्यासारखं गार, मग कडू, मग जिभेचं मूळ हळूहळू तिचं राहिलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली. घसा आपल्याच घरातली एखादी खोली असावी आणि तिथलं सामान कोणीतरी न विचारता उचलून नेत असावं, तसं दुखणं एकेक करून जात होतं: आधी खुर्ची गेली, मग ती सरकल्याचे ओरखडे गेले. उरली नुसती भिंत. बाबा गेले तेव्हाही असंच झालं होतं. सगळे रडत होते आणि तिला फक्त गार वाटत होतं, आलेल्या प्रत्येकाला ती दार दाखवत होती, या, इकडून, जपून, आणि एक मावशी म्हणाल्या, "किती नीट सांगते पोरगी." तेव्हापासून तिला नीट सांगायची कामं मिळत गेली. तिने घसा साफ केला. "एक," ती म्हणाली. एक आला. गोल, स्वच्छ, कडा घासून काढलेला. पहिला मजला असावा तसा.

तिने लाल बटण दाबलं. वरची म्हणाली, मदत वाटेवर आहे. खरखर झाली. "मी लिफ्टमध्ये अडकले आहे," ती म्हणाली. "कृपया दार उघडा."

"हॅलो?" जाडा आवाज म्हणाला. "कोण?"

"लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये आहे."

"काही नाही रे," जाडा म्हणाला. "टेप आहे. ती बाई."

"आज जास्तच बोलतेय," बारीक म्हणाला.

ती मी टेप नाही म्हणायला गेली, पण तोंड सवयीने नाहीला वळसा घालून गेलं आणि बाहेर आलं, "मी प्रत्यक्ष व्यक्ती आहे. कृपया नोंद घ्यावी."

"नवीन घोषणा घातल्यात वाटतं," जाडा कौतुकाने म्हणाला.

मग तिने रागवायचं ठरवलं. राग होताच, फक्त तो आवाजात बसवायचा होता. "तुमची डोकी ठिकाणावर आहेत का," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं की हे वाक्य जिन्याजवळ पाटीवर लिहून लावता येईल. "तुम्ही दोघे गाढव आहात. दार बंद आहे." मग बारीक आवाज म्हणाला, "काय गोड शिव्या देते." "साहेबांनी टाकलं असेल," जाडा म्हणाला. "लोकांना हल्ली असलंच आवडतं." तिने खोकून पाहिलं, घराण्याच्या रीतीने, अगदी आजोबांसारखं. "टेप घासली," जाडा म्हणाला. "दुपारी तक्रार टाक." आणि लाइन उघडीच ठेवून दोघे पुन्हा सोलायला बसले. शेंगा होत्या; टरफलं फुटल्याचा आवाज येत होता.

वर सहाव्या मजल्यावर खुर्च्या सरकत असल्याचं तिला ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं असं वाटलं. बैठक बसली असेल. साहेबांनी हळू आवाजात विचारलं असेल, कोणाची हरकत? खोलीने वाट पाहिली असेल, पाण्याचे पेले झाकलेले असतील, आणि त्या शांततेला कोणीतरी होकार म्हणून लिहून घेत असेल. इथे मी, ती मनात म्हणाली, इथे मी एवढा आवाज घेऊन उभी आहे, आताच उतरलेल्या सुजेचा, ताजा, आणि तो इतका चांगला आहे की कोणाला मी आहे असं वाटतच नाही. घसा बसलेला होता तेव्हा मी कोणीच नव्हते, पोरं होते. घसा सुटला तर टेप झाले. दोन्हीच्या मध्ये एखादा मजला असेल तर तो सांगायला मला कोणी लावलं नव्हतं. आई आता काय करत असेल? फोन वाजला असेल. फोनमधून कोणी म्हणालं असेल, आई, येते हं, आणि आईने कडी लावून घेतली असेल, आणि मग आयुष्यभर घरातून मी रोज जात राहीन आणि आई रोज दार लावत राहील, आणि खुर्चीत बसलेल्या त्या दुसरीला शेवटी विचारेल, आपण कोण? भिंत जवळ आली. खरोखर आली नाही, पण आरशात तिच्यामागे आणखी एक भिंत होती आणि तिच्यात आणखी एक बाई होती, तोंड उघडं ठेवून उभी. वरची म्हणाली, "घाबरू नका. मदत वाटेवर आहे."

"नाही," ती म्हणाली.

मोठ्याने नाही, रागाने नाही. चुकीचा मजला सांगणाऱ्याला माणूस सांगतो तसं. शब्द लिफ्टभर फिरला आणि परत येऊन तिच्या पायाशी बसला. खाली टरफलं फुटायची थांबली.

"काय म्हणाली?" बारीक आवाज म्हणाला.

"नाही म्हणाली."

"ही कधी नाही म्हणत नाही रे."

"तेच तर." खुर्ची करकरली. "ओ बाई," जाडा आवाज एकदम अदबीने म्हणाला, "कोण आहात आपण? आत आहात का?"

"नाही," ती पुन्हा म्हणाली. तिला आता तो थांबवता येत नव्हता. "नाही. नाही."

"आत आहेत," जाडा म्हणाला. "किल्ली आण."

पुढचं आपण झालेलं नाही असं ठरवलं होतं, पण ते झालं. दार फाकलं, हात आले, चप्पल राहिली. साहेब पाचव्या मजल्यावर स्वतः उतरून आले होते, बैठक संपवून, प्रसन्न. "अहो, असं कसं झालं," ते हळू म्हणाले. "बैठकीला आला नाहीत. एका अर्थी बरंच झालं, अध्यक्षांना घाई होती, विषय दोन मिनिटांत मंजूर झाला. आणि कमाल बघा बाई, एकच शब्द आमच्याकडे नव्हता. यंत्र तो जुळवून पाहत होतं, पण दर वेळी खोकल्यासारखा यायचा. आज इंटरकॉमवर मिळाला. तिथलं सगळं रेकॉर्ड होतं ना. वर ऐकला मी आताच. काय स्वच्छ आलाय." तिने तोंड उघडलं. दोन फवाऱ्यांचा जोर संपत आला होता. जिभेचं मूळ तिला परत मिळत होतं, आणि त्यासोबत खुर्चीही परत आली, ओरखड्यांसकट. तिने सगळा जीव घशाशी आणला. खोकला आला.

"अरे, बाईंना पाणी आणा," साहेब म्हणाले.

पाणी पिऊन ती जिन्याने खाली उतरली. प्रत्येक मजल्यावर दारामागून तिचाच आवाज तो मजला सांगत होता, आणि तो दर वेळी तिच्या आधी पोहोचलेला असे. तळमजल्यावर पहारेकरी उठून उभा राहिला, त्याने शेंगांचा कागद पुढे केला, तिने घशाकडे बोट दाखवलं, तो कुजबुजत म्हणाला, "बरोबर आहे." त्याच्याकडून तिने एक कोरा कागद मागून घेतला आणि त्याच्या टेबलावर, उभ्याउभ्याच, नीट अक्षरात लिहिलं:

प्रति, आवाज विभाग. विषय: आजारपणाची रजा मिळणेबाबत. महोदय, माझा आवाज आपल्या येथे लिफ्ट क्रमांक दोन व इतरत्र कामास आहे. त्याचा घसा बसला आहे. तरी त्यास पूर्ण बरे वाटेपर्यंत रजा मंजूर करावी व तोपर्यंत कोणत्याही लिफ्टने कोणासही मदत वाटेवर असल्याचे सांगू नये. सोबत औषधाची बाटली जोडली आहे. जाळीतून आतल्या बाजूस दोन फवारे मारावेत. औषध लक्षणांवर आहे. हा अर्ज लेखी असल्याची मला जाणीव आहे. तसेच रजेच्या काळात सदर आवाजाने माझ्या घरी फोन करून "येते हं" असे म्हणू नये. आई लगेच दार लावून घेते. ही नम्र विनंती.